सेत-सेताल : डाकारच्या तरुणांची सफाई चळवळ

सेत-सेताल ही सेनेगलची राजधानी डाकार येथील तरुणांनी उभी केलेली सफाई चळवळ. वोलोफ भाषेतील या नावाचा अर्थ ‘स्वच्छ राहा, स्वच्छ करा’ असा होतो. १९८८ नंतर ती वस्त्यावस्त्यांतून सुरू झाली, १९९० च्या पावसाळ्यात तिने सारे शहर व्यापले आणि १९९१ संपेपर्यंत तिचा पहिला जोर ओसरलाही. तिला ना अध्यक्ष होता, ना मध्यवर्ती कार्यालय. तरीही शहराचा कचरा कोणी उचलायचा, त्याचे दाम कोणी मोजायचे आणि रस्त्यावर हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांना तिने असे तोंड फोडले की पुढची पंचवीस वर्षे डाकारचे राजकारण त्यांभोवती फिरत राहिले. आफ्रिकेतील तरुण आज हवामानबदल आणि कचरा यांविषयी जे बोलत आहेत, त्याची मुळे शोधताना म्हणूनच डाकारपर्यंत जावे लागते.

अटलांटिक समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या द्वीपकल्पावर फ्रेंचांनी १८५७ मध्ये डाकार वसवले. तेथे आधीपासून लेबू या मासेमार समाजाची गावे होती. १९०२ मध्ये हे शहर फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी झाले. स्वच्छतेचा प्रश्न येथे पहिल्यांदा उग्र झाला तो १९१४ च्या प्लेगच्या साथीत. सरकारने शहराच्या मध्यभागातील आफ्रिकी लोकांच्या झोपड्या जाळल्या आणि रहिवाशांना शहराबाहेर आखलेल्या मेदिना या नव्या वस्तीत हलवायला सुरुवात केली. युरोपीय वस्ती आणि आफ्रिकी वस्ती यांच्यामध्ये मोकळा पट्टा ठेवण्याचा बेत होता. लेबू लोकांनी याला कडवा विरोध केला. त्याच वर्षी ब्लेझ दियान फ्रेंच संसदेवर निवडून आले. तेथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी प्रतिनिधी. या प्रश्नात ते लेबूंच्या बाजूने उभे राहिले. सगळ्या आफ्रिकी लोकांना मूळ शहरातून काढणे सरकारला जमले नाही, पण मेदिना वसली आणि वाढत गेली. ‘स्वच्छता’ हे माणसे हलवण्याचे कारण होऊ शकते, ही गोष्ट डाकारच्या लोकांच्या मनात तेव्हापासून पक्की बसली.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ही दृष्टी पुरती बदलली नाही. लेओपोल्द सेदार सेंगोर यांच्या राजवटीत, विशेषतः १९७० च्या दशकात, भिकारी, कुष्ठरोगी आणि फेरीवाले यांना शहराच्या मध्यभागातून उचलून नेण्याच्या मोहिमा निघत. सरकारी भाषेत या माणसांचा उल्लेख अडगळ असाच होई. खऱ्याखुऱ्या कचऱ्याची व्यवस्था मात्र ढिली होती. स्वातंत्र्याच्या वेळी चार लाखांच्या आसपास असलेली डाकारची लोकसंख्या दुष्काळामुळे खेड्यांतून येणाऱ्या लोंढ्यांनी फुगत गेली. १९८८ च्या जनगणनेत डाकार प्रदेशात सुमारे १५ लाख माणसे मोजली गेली. पिकीन आणि गेदियावाय ही उपनगरे पाहता पाहता मूळ शहराएवढी झाली. तेथे वाळूच्या अरुंद गल्ल्या होत्या आणि कचऱ्याची गाडी त्यांत शिरूच शकत नव्हती.

कचरा उचलण्याचे काम १९७१ पासून सोआदीप या खासगी कंपनीकडे होते. १९८४ मध्ये ती कोलमडली. पुढच्या वर्षी सियास ही निमसरकारी कंपनी आली, पण तोवर सेनेगलने आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या अटींनुसार सरकारी खर्चाला कात्री लावायला घेतली होती. सियासकडे गाड्या अपुऱ्या होत्या, कामगारांचे पगार थकत, संप होत. गल्लीच्या तोंडाशी ढीग साचत आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आला की तोच कचरा गटारांत आणि तेथून घरांत शिरे.

हा भार कोणाच्या डोक्यावर पडत होता, हे समजल्याशिवाय सेत-सेतालचे वेगळेपण कळत नाही. घरातला आणि अंगणातला कचरा काढणे हे डाकारमध्ये बायकांचे आणि मुलींचे काम. रोज सकाळी वाळूचे अंगण झाडले जाते आणि त्या वाळूसकट माशांची खवले, भाताचे उरलेसुरले, भाज्यांची साले बादलीत किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यात भरली जातात. वाळूमुळे हे डबे भलतेच जड होतात. गाडीचा भोंगा ऐकू आला की डोक्यावर डबा घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत धावायचे. गाडी आलीच नाही तर तो कचरा घरात ठेवायचा, पुरायचा किंवा समुद्रकिनारी नेऊन टाकायचा. व्यवस्था कोसळते तेव्हा ती आधी बायकांच्या मानेवर कोसळते. खर्चकपातीच्या कागदांत या श्रमांचा हिशेब कुठेच धरलेला नव्हता.

तरुण मुले या सगळ्यात कुठे होती? ती बेकार होती आणि संतापलेली होती. फेब्रुवारी १९८८ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष आब्दू दियूफ यांना सुमारे ७३ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. विरोधी नेते आब्दुलाय वाद यांच्या तरुण समर्थकांचा त्यावर विश्वास बसला नाही. बस, दूरध्वनीच्या खोल्या, पेट्रोल पंप जाळले गेले, आणीबाणी लागली, वाद यांना अटक झाली. दियूफ यांनी प्रचाराच्या सभेतच या मुलांना रोगट पिढी म्हणून हिणवले होते. विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपामुळे ते शैक्षणिक वर्षही रद्द झाले आणि हजारो मुलांचे वर्ष वाया गेले. एप्रिल १९८९ मध्ये मॉरितानियाशी सीमेवरून तंटा पेटला, तेव्हा डाकारमधील मॉरितानी दुकानदारांवर जमावाने हल्ले केले आणि अनेकांचा जीव घेतला. त्या जमावात तरुण मोठ्या संख्येने होते. देशाने आपल्या तरुणांकडे भीतीने पाहावे अशी ती दोन वर्षे होती.

आणि नेमक्या याच मुलांनी झाडू उचलला. सुरुवात अमुक एका ठिकाणी झाली असे दाखवता येत नाही. एका वस्तीतील फुटबॉल संघ किंवा सांस्कृतिक मंडळ सुट्टीच्या दिवशी सकाळी जमे, घरोघरून पैसे आणि अवजारे मागून आणी, कचऱ्याचा ढीग उपसून गाडीत भरे, तुंबलेले गटार मोकळे करी. शेजारच्या वस्तीतील मुले ते पाहत आणि पुढच्या आठवड्यात तीही कामाला लागत. गल्ली आमची कशी दिसते, याची चढाओढ लागली. साफ केलेल्या जागेवर पुन्हा कचरा पडू नये म्हणून चौकांत जुन्या टायरांच्या कडा करून छोट्या बागा लावल्या गेल्या, झाडांच्या बुंध्यांना रंग दिला गेला, भंगारातून पुतळे आणि स्मारके उभी राहिली. काही गल्ल्यांना वस्तीतील दिवंगत वडीलधाऱ्यांची नावे दिली गेली. वसाहतकाळातील फ्रेंच अधिकाऱ्यांची नावे मिरवणाऱ्या शहरात हे साधे काम नव्हते.

सर्वांत बोलकी ठरली ती भिंतीवरची चित्रे. मेदिना आणि आसपासच्या वस्त्यांतील भिंती काही महिन्यांत चित्रांनी भरून गेल्या. फ्रेंचांनी हद्दपार केलेले सुफी संत आमादू बांबा, फ्रेंचांशी लढताना पडलेला काजोरचा राजा लात द्योर आणि ब्लेझ दियान यांच्या शेजारी नेल्सन मंडेला, मार्टिन ल्यूथर किंग आणि बॉब मार्ली दिसत. बांबा यांचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे. पांढरा अंगरखा आणि डोक्याला गुंडाळून तोंडावरून घेतलेले वस्त्र अशी त्यातली त्यांची आकृती शहरभर पुन्हा पुन्हा रंगवली गेली. याच भिंतींवर हात धुण्याचे, एड्सपासून सावध राहण्याचे, लस टोचून घेण्याचे संदेश असत. घडाघडा वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ती चित्रे होती. डाकारमधील एन्दा या स्वयंसेवी संस्थेने १९९१ मध्ये या चित्रांवर पुस्तक काढले. त्यामुळे पावसाने आणि नव्या चुन्याने पुसून गेलेल्या कित्येक भिंती आज निदान कागदावर तरी पाहता येतात. मेदिनातच जन्मलेला गायक यूसू न्दूर याने १९९० मध्ये ‘सेत’ नावाचा गीतसंग्रह काढला आणि हा शब्द सेनेगलबाहेरही पोहोचला.

सफाईचा अर्थ या मुलांसाठी कचऱ्यापुरता नव्हता. भ्रष्ट पुढारी, वस्तीतील गुन्हेगारी, वेश्याव्यवसाय यांचाही निकाल लावायची भाषा ते करत. इतिहासकार ममादू दियूफ यांनी चळवळीच्या या नैतिक बाजूवर बोट ठेवले आहे. तिच्यात कठोरपणाही होता, आणि वेश्यांविरुद्धची भाषा तर क्रूरच होती. गरीब बायकांनाच अस्वच्छ ठरवणारी ती जुनी सरकारी नजर मुलांनीही उचलली होती. हे मान्य करूनही चळवळीचे मोल कमी होत नाही. डाकारमध्ये स्वच्छता आजवर वरून आली होती, कधी पोलिसांसोबत तर कधी आगीसोबत. आता ती खालून येत होती. ज्या मुलांना राष्ट्राध्यक्ष रोगट म्हणाले, त्यांनी शहराचे आरोग्य हाती घेतले होते आणि जे काम मुलींचे म्हणून हिणवले जाई, ते मुलगे भर रस्त्यात करत होते.

सत्ताधाऱ्यांना या शक्तीचा अंदाज लगेच आला. डाकारचे महापौर ममादू दियोप यांनी मुलांना रंग, अवजारे आणि गाड्या पुरवायला सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मोठे पाऊल उचलले. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य निम्म्यावर आणले गेले होते, महागाईने शहर पेटले होते आणि फेब्रुवारीत दंगली झाल्या होत्या. सियासची कचराव्यवस्था शेवटचे आचके देत होती. दियोप यांनी सियासच्या जागी नवी रचना आणली आणि सेत-सेतालच्या मंडळांनाच शहरभर कचरा उचलण्याच्या कामावर लावले. गुंतवणूक आणि व्यवस्थापन यांत अजेतीप या १९८९ मध्ये जागतिक बँकेच्या पाठिंब्याने स्थापन झालेल्या संस्थेचा हात होता. मंडळांची ‘आर्थिक हितगट’ म्हणून नोंदणी झाली आणि मुलामुलींना रोजंदारी मिळू लागली.

वरवर पाहता हा चळवळीचा विजय होता. बेकार मुलांना काम मिळाले आणि शहर साफ होऊ लागले. पण नीट पाहिले तर सौदा पालिकेच्याच फायद्याचा होता. सियासमध्ये कामगारांना जी नोकरीची हमी आणि जे हक्क होते, ते या मुलांना मिळाले नाहीत. तुम्ही तर आपल्या शहरासाठी सेवा करत आहात, असे सांगून मजुरी तुटपुंजी ठेवली गेली. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, आजारी पडले तर उपचार नाहीत. वाळूने जड झालेले डबे उघड्या हातांनी उचलून उंच गाडीत रिकामे करायचे आणि त्यातल्या काचा व सुया अंगावर घ्यायच्या. मुली झाडण्याच्या कामावर होत्या, काही गाड्यांवरही होत्या. स्वेच्छेने केलेल्या श्रमदानाचे रूपांतर बघता बघता स्वस्त मजुरीत झाले. अमेरिकी भूगोल-अभ्यासक रोझलिंड फ्रेडरिक्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डाकारच्या कचऱ्यावरील ग्रंथात या स्थित्यंतराचा बारकाईने माग काढला आहे.

हाच साचा लहान प्रमाणावर योफमध्येही दिसला. योफ हे डाकारच्या उत्तर किनाऱ्यावरचे लेबूंचे जुने गाव. तेथील एका वस्तीत २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत एन्दाच्या मदतीने घोडागाड्यांनी कचरा गोळा करण्याचा प्रयोग झाला. अरुंद वाळूच्या गल्ल्यांत घोडागाडी सहज जाई. बायकांनी घरोघरी जाऊन कचरा वेगळा करायला शिकवायचे आणि घरपट्टीसारखी वर्गणी गोळा करायची, अशी योजना होती. कागदावर ती लोकसहभागाची होती. प्रत्यक्षात वस्तीतील बायकांवर बिनपगारी कामाचा आणखी एक थर चढला आणि ज्यांचा कचरा पूर्वी फुकट उचलला जाई त्या गरीब घरांना पैसे मोजावे लागले. काही वर्षांत प्रयोग बंद पडला.

दरम्यान २००० मध्ये आब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना निवडून आणण्यात तरुणांच्या मतांचा मोठा वाटा होता. त्यांच्या काळात कचऱ्याचे कंत्राट आधी एका इटालियन कंपनीच्या स्थानिक शाखेकडे गेले, ते काही वर्षांत रद्द झाले, मग शहराच्या काही भागांत व्हेओलिया ही फ्रेंच कंपनी आली. अधिकार पालिकेचा की केंद्र सरकारचा, यावरून ओढाताण चालूच राहिली. मालक बदलत गेले, माणसे तीच राहिली. पंधरा-पंधरा वर्षे काम केलेले, डोक्याचे केस पांढरे होऊ लागलेले कामगारही लोकांच्या बोलण्यात अजून ‘सेत-सेतालची पोरे’च होते आणि कागदोपत्री अजून कंत्राटी.

या कामगारांची संघटना मादानी सी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. सी स्वतः सेत-सेतालच्या पिढीतून आलेले होते. २००७ मध्ये थकलेला पगार आणि कामाच्या अटी यांवरून कामगारांनी काम थांबवले, तेव्हा डाकारमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. रहिवाशांनी कामगारांवर राग काढला नाही. अनेक वस्त्यांतील लोकांनी घरात साठलेला कचरा आणून मोठ्या रस्त्यांवर ओतला आणि गाड्या अडवल्या. सतरा वर्षांपूर्वी याच वस्त्यांनी रस्ते साफ करून आपला हक्क सांगितला होता. आता कचरा ओतून सांगितला. लोकांची ही साथ आपोआप मिळाली नव्हती. आपले काम हे धर्मकार्य आहे, इस्लाममध्ये स्वच्छता हा श्रद्धेचाच भाग आहे, आणि म्हणून ते करणाऱ्याला मानाने वागवले पाहिजे, अशी मांडणी संघटनेने वर्षानुवर्षे केली होती. घाणीत काम करणाऱ्याला घाण समजणाऱ्या समाजात ती मांडणी लोकांच्या मनाला भिडली. अनेक संप आणि वाटाघाटी यांनंतर २०१४ मध्ये सामूहिक करार झाला. त्यात वेतनवाढ, रीतसर नेमणुका आणि आरोग्यसेवा यांची तरतूद होती. तोवर चळवळीला पाव शतक होत आले होते.

या करारात न बसलेली माणसे शहराबाहेर म्बेबेसला होती. म्बेबेस ही डाकारची कचराभूमी १९६८ मध्ये एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात सुरू झाली. आज ती शंभराहून अधिक हेक्टरांवर पसरली आहे आणि दीर्घकाळ साऱ्या डाकारचा कचरा तेथेच येत राहिला. आजूबाजूला भाजीपाल्याचे मळे आहेत, भूजल वर आहे, त्यामुळे कचऱ्यातून झिरपणारे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते. दोन हजारांच्या आसपास कचरावेचक येथे पोट भरतात. गाडी रिकामी होत असतानाच लोखंडी आकड्यांनी ढीग उकरायचा आणि लोखंड, ॲल्युमिनियम, कठीण प्लास्टिक, बाटल्या वेगवेगळ्या करून दलालांना विकायच्या. बाओल आणि गुय गी या वेचकांच्या दोन वस्त्या कचराभूमीतच उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये त्यांनी बोक जोम नावाची संघटना स्थापन केली. डाकारमध्ये जो काही पुनर्वापर होतो, त्याचा मोठा भाग या माणसांच्या हातून होतो. शहरात कचरा वेगळा करण्याची सरकारी मोहीम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ते तो वेगळा करत आले आहेत.

हवामानबदलाचा प्रश्न कचऱ्याशी जोडला गेला तो या दोन टोकांना. एक टोक म्हणजे म्बेबेस. ओला कचरा खोल थरांत हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन बाहेर पडतो, आणि तापमानवाढीत त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतो. दुसरे टोक म्हणजे पूर. २००५, २००९, २०१२ आणि २०२० मध्ये पिकीन, गेदियावाय, कर मासार या सखल उपनगरांत पाणी शिरून हजारो घरे बुडाली. ही वस्ती दुष्काळाच्या दशकांत जुन्या तळ्यांच्या पात्रांवर वसलेली. पाऊस परतला तेव्हा पाणी आपल्या जागी आले. त्याला बाहेर जायला ज्या नाल्या होत्या त्या प्लास्टिकने बंद झाल्या होत्या. सेनेगलने २०१५ मध्ये पातळ प्लास्टिक पिशव्यांवर कायद्याने बंदी घातली आणि ती पाळली जाईना म्हणून २०२० मध्ये अधिक कडक कायदा केला. पण पिण्याचे पाणी विकले जाते त्या छोट्या पिशव्या गरिबांच्या रोजच्या गरजेच्या असल्याने अंमलबजावणी सैलच राहिली.

नव्या पिढीच्या चळवळी याच काळातल्या. २०११ मध्ये रॅप गायक आणि पत्रकारांनी ‘यां आ मार’ म्हणजे ‘आता पुरे’ ही चळवळ सुरू केली. वाद यांच्या तिसऱ्या उमेदवारीविरुद्धच्या लढ्यात तिचे नाव गाजले. मोदू फाल हे माजी सैनिक अंगावर टाकाऊ पिशव्यांचा पायघोळ पोशाख घालून डाकारभर फिरतात आणि प्लास्टिकविरुद्ध प्रचार करतात. लोक त्यांना ‘प्लास्टिक माणूस’ म्हणूनच ओळखतात. २०१९ पासून शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांच्या हवामान-आंदोलनाची लाट आफ्रिकेतील शहरांतही पोहोचली. युगांडाच्या कंपाला शहरात व्हानेसा नाकाते हिने त्या वर्षाच्या जानेवारीत निदर्शने सुरू केली, आणि आफ्रिकेचे उत्सर्जन अल्प असताना भोग मात्र मोठे, हे जगापुढे मांडले. त्याच कंपालात १० ऑगस्ट २०२४ रोजी किटीझी कचराभूमीचा डोंगर पावसात कोसळून ३० हून अधिक माणसे गाडली गेली. अदिस अबाबाच्या कोशे कचराभूमीवर मार्च २०१७ मध्ये असाच डोंगर कोसळून शंभराहून अधिक जीव गेले होते. हवामान आणि कचरा हे दोन वेगळे विषय नाहीत, हे या शहरांतील तरुणांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

सेनेगलच्या राज्यकर्त्यांना सेत-सेतालचे नाव मात्र अजून मोहवते. राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी जानेवारी २०२० मध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी देशभर सफाईचा दिवस सुरू केला. तरुणांच्या प्रचंड पाठिंब्यावर २०२४ मध्ये सत्तेवर आलेले बासिरू द्योमाय फाय यांनीही जूनच्या पहिल्याच शनिवारी ‘सेताल सुनू रेव’, म्हणजे ‘आपला देश स्वच्छ करूया’, या नावाने तोच उपक्रम नव्याने आरंभला. राष्ट्राध्यक्षांच्या हातातला झाडू छायाचित्रांत चांगला दिसतो, आणि त्या दिवशी हजारो मुले मनापासून राबतातही. परंतु महिन्यातला एक शनिवार सोडला तर उरलेल्या दिवसांचा कचरा पगारी कामगारच उचलतात. त्यांची व्यवस्था पाहण्यासाठी २०२२ मध्ये सोनाजेद ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने म्बेबेसचे रूपांतर शास्त्रशुद्ध प्रक्रिया केंद्रात करण्याचा प्रकल्प सुरू झाला. कुंपण घालून, कचरा यंत्रांनी वेगळा करून कचराभूमीचा मोठा भाग बंद करायचा, असा त्याचा आराखडा आहे. बोक जोमची मागणी सरळ आहे : केंद्र उभे राहील तेव्हा कचरा वेगळा करण्याच्या कामावर पहिला हक्क वेचकांचा असावा, आणि ज्यांना तेथे काम देता येणार नाही त्यांना उपजीविकेची भरपाई मिळावी.